युद्ध, लढाई, झुंज की चकमक? नव्याने लिहिणाऱ्यांसाठी शब्द निवडायची सोपी पद्धत

शाळेत समानार्थी शब्दांची लिस्ट पाठ करून घेतात ना, युद्ध म्हणजे लढाई, संग्राम, समर, रण, झुंज, ती परीक्षेत मार्क मिळवून देते आणि पुढे लिहायला बसलं की घोळ घालते. कारण लिस्टमध्ये सगळे शब्द एका रांगेत उभे असतात आणि वाटतं की कुठलाही उचला, कुठेही ठेवा, चालतंय की. चालत नाही. मी बरीच वर्षं दुसऱ्यांचं लिखाण तपासून द्यायचं काम करतो आणि या एका शब्दाच्या गोतावळ्यात जितकी माणसं अडखळताना बघितली तितकी दुसऱ्या कशात क्वचितच.

एक नमुना दाखवतो, नवीन लिहिणाऱ्या एका मुलाचा होता, थोडा बदलून देतोय. "१८०३ मध्ये असईचे युध्द झाले. या संग्रामात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांना हरवले. या रणात त्याची खूप माणसे मेली. हे समर संपल्यावर दोन महिन्यांनी अडगावची जंग झाली." वाचून त्याच्याच मित्राने विचारलं, अरे म्हणजे एकूण किती लढाया झाल्या, चार की पाच? झाल्या दोनच. पण शाळेत बाईंनी सांगितलेलं असतं की एकच शब्द परत परत वापरू नये, म्हणून पोराने लिस्टमधले सगळे खर्च करून टाकले. तर पहिल्या पायरीच्याही आधी हे डोक्यातून काढा. एकच गोष्ट असेल तर तोच शब्द तीनदा आला तरी काही बिघडत नाही, वाचणाऱ्याला ते खटकत नाही, उलट शब्द बदलला की त्याला वाटतं गोष्टच बदलली.

आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १: आधी नीट टाइप करा

हे फार बारीक वाटेल पण नेटवर निम्म्या ठिकाणी "युध्द" असं दिसतं. ते चुकलेलं आहे. आधी द, मग पाय मोडायचा, मग ध. युद्ध. तसंच योद्धा, शुद्ध, बुद्ध, प्रसिद्ध. उच्चार करून बघा, "युध्-द" म्हणताच येत नाही, जीभ आपोआप "युद्-ध" म्हणते. द्वंद्व लिहिताना शेवटचा व विसरू नका. आणि मोहीम लिहिताना ही दीर्घ पण मोहिमेत, मोहिमा लिहिताना हि ऱ्हस्व. अनेकवचनं पण बघून ठेवा, लढाईच्या लढाया, चकमकीच्या चकमकी, झुंजीच्या झुंजी. "लढायांमध्ये" बरोबर, "लढाईंमध्ये" ऐकायला येतं पण लिहू नका.

पायरी २: किती मोठं आहे ते मोजा

हीच मेन पायरी, इथे वेळ घाला.

युद्ध हे मोठं खोकं आहे आणि लढाई त्यातली एक वस्तू. दोन सत्तांमध्ये साधारण वर्ष-दोन वर्षं किंवा जास्त, कधी कमीही चाललेलं, त्यात फौजा, पैसा, करार, फितुरी सगळं आलं, ते युद्ध. त्यातल्या एका ठिकाणी, साधारण एका दिवशी किंवा दोन-चार दिवसांत, कधी जास्त दिवसांतही जे घडलं ती लढाई. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध १८०३ ते १८०५ चाललं, त्यात २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई, नोव्हेंबरमध्ये लासवाडीची लढाई, अडगावची लढाई. पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८, त्यात सोमची लढाई. १९७१ चं युद्ध डिसेंबरमधल्या तेरा दिवसांचं, त्यात लोंगेवालाची लढाई. म्हणजे ओळखायची खूण सोपी, गावाचं, नदीचं, खिंडीचं नाव लागत असेल तर बहुतेक लढाई, आणि देशांची किंवा सत्तांची जोडी नाहीतर वर्ष लागत असेल तर युद्ध.

"बहुतेक" म्हणालो ते उगाच नाही. कारगिल जागेचं नाव आहे पण आपण १९९९ चं कारगिल युद्ध म्हणतो, कारण ते मे ते जुलै चाललं आणि त्यात तोलोलिंग, टायगर हिल अशा वेगवेगळ्या लढाया झाल्या. आणि जुन्या पिढीची माणसं तर महायुद्धालाही लढाईच म्हणायची, "लढाईवर गेला होता" म्हणजे सैन्यात होता आणि समुद्रापार गेला होता. बोलण्यात हे आजही छान वाटतं. माहिती देणारं काही लिहिताना मात्र फरक पाळा.

लढाईच्या खाली येते चकमक. थोडी माणसं, थोडा वेळ, अचानक गाठ पडली आणि शस्त्रं चालली. शब्द कुठून आला बघा, चकमक म्हणजे गारगोटी, जिच्यावर पोलाद आपटलं की ठिणगी उडते. म्हणून चकमक "झडते". ठिणगी उडाली आणि विझली, एवढंच तिचं आयुष्य. आजकाल बातम्यांत पोलीस आणि गुन्हेगार यांच्यात गोळीबार झाला की त्याला चकमक म्हणतात, तो वापर इतका पक्का झालाय की नुसतं "चकमकीत ठार" लिहिलं की लोकांच्या डोळ्यासमोर पोलीसच येतात. तेव्हा इतिहासाबद्दल लिहिताना कोणाकोणात ते लगेच सांगून टाका.

आता पानिपत घ्या, कारण एकाच घटनेत सगळी मापं सापडतात. भाऊसाहेब १७६० च्या मार्चमध्ये उत्तरेकडे निघाले, ती मोहीम. ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला, तो हल्ला. मग नोव्हेंबरपासून अडीच महिने दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर बसून राहिल्या, दाणावैरण तुटत गेली, ती कोंडी, आणि त्या काळात रोज काही ना काही व्हायचं, त्या चकमकी. डिसेंबरमध्ये रसद गोळा करणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना अब्दालीच्या स्वारांनी अचानक गाठून मारलं, तो छापा. आणि १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ती लढाई. एवढे शब्द, आणि एकाच्या जागी दुसरा ठेवून बघा, "पानिपतचा छापा" किंवा "कुंजपुऱ्याची मोहीम", लगेच चित्र बिघडतं. लोक "पानिपतचं तिसरं युद्ध" पण म्हणतात, त्यावरून कोणाशी भांडू नका, रूढ झालंय. पण स्वतः लिहिताना पानिपतची तिसरी लढाई लिहिलं तर जास्त नेमकं.

आणि एक गंमत, लढाई म्हटलं की तलवारी भिडल्याच पाहिजेत असं नाही. १७२८ ची पालखेडची लढाई. बाजीरावाने निजामाला पळवत पळवत अशा जागी आणलं की त्याचं पाणी आणि रसद तुटली आणि तो तहाला तयार झाला. मोठी हातघाई अशी झालीच नाही. तरी ती लढाईच, कारण दोन फौजांचा निकाल त्या जागी लागला.

पायरी ३: कोण कोणावर चालून गेलं?

युद्ध आणि लढाई या दोन्ही शब्दांत दोन्ही बाजू सारख्या उभ्या असतात. पण बरेच शब्द एका बाजूने निघतात. स्वारी, चढाई, मोहीम, हल्ला, छापा, धाड, वेढा, आक्रमण. यातला प्रत्येक शब्द सांगतो की कोण निघालं आणि कोणाच्या दारात गेलं, म्हणून वापरायच्या आधी कर्ता नक्की करा.

मोहीम म्हणजे ठरवून, आखून, लांबवर काढलेलं काम, त्यात प्रवास आला, मुक्काम आले, लढाया आल्या, कधी एकही लढाई नाही. चिमाजीअप्पांची वसईची मोहीम १७३७ ते १७३९ चालली आणि तिच्या पोटात किती वेढे आणि किती चकमकी. म्हणून "वसईची लढाई" लिहिलं तर ती दोन वर्षं एका दिवसात कोंबल्यासारखी होतात. शब्द मूळचा अरबी, महत्त्वाचं काम अशा अर्थाचा, त्यामुळे आज स्वच्छता मोहीम, लसीकरण मोहीम म्हणतो त्यात शब्दावर काही अन्याय होत नाहीये, तो आपल्या जुन्या अर्थाकडे परत चाललाय एवढंच.

स्वारी जुन्या कागदांत सगळीकडे सापडते, अब्दालीची स्वारी, कर्नाटकची स्वारी. चांगली-वाईट असा शिक्का तिच्यावर नाही. पण आज बोलण्यात स्वारी म्हणजे एखादा माणूसच झालाय, "काय, स्वारी कुठे निघाली?" त्यामुळे गंभीर ठिकाणी स्वारी लिहाल तेव्हा पुढे-मागे फौजेचा उल्लेख असू द्या.

छापा अचानक आणि बहुतेक रात्रीचा, ५ एप्रिल १६६३ ला लाल महालात शायिस्ताखानावर घातला तसा. वेढा म्हणजे बाहेरून कोंडणं, १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातला तसा, त्यात महिनोन्‌महिने काहीच घडत नसतं आणि तेच त्याचं शस्त्र. धाड लुटारूंची, हल्ली सरकारी खात्यांचीही. आक्रमण या शब्दात मात्र आरोप आहे, "दुसऱ्याच्या हद्दीत घुसले" असा. स्वतःच्या बाजूबद्दल कोणी आक्रमण लिहीत नाही, बघा कधी तपासून.

गनिमी कावा हा पण याच घरातला. गनीम म्हणजे शत्रू, अरबीतून आलेला शब्द, आणि मोगल लोक मराठ्यांना गनीम म्हणायचे. म्हणजे शत्रूने दिलेलं नाव आपण आपल्या पद्धतीला अभिमानाने लावून बसलो. याचं रूप नीट लिहा, "गनिमी कावा" दोन शब्द, आणि तो "करतात", "गनिमी काव्याने लढतात". "गनिमी युद्ध" कुठेतरी वाचलं होतं, अजिबात नको, तिथे छापामार युद्ध किंवा गनिमी काव्याचं युद्ध असं लिहा.

पायरी ४: बाजू दोन्ही लढतायत ना?

ही पायरी छोटी पण महत्त्वाची. एका बाजूच्या हातात शस्त्रच नसेल तर वरचा एकही शब्द चालणार नाही. तिथे कत्तल, हत्याकांड, संहार. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत जे झालं त्याला कोणी लढाई म्हणत नाही, म्हणूही नये.

आणि लढणारे एकाच घरातले असतील तर यादवी. महाभारताच्या शेवटी यादव आपसात लढून संपले, त्यावरून आलेला शब्द आणि मराठीने तो फार छान जपलाय. अमेरिकेत १८६१ ते १८६५ उत्तर-दक्षिण जुंपली ते अमेरिकन यादवी युद्ध, स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ ते स्पॅनिश यादवी युद्ध. हल्ली हिंदीच्या वाऱ्याने गृहयुद्ध जास्त दिसतं. चूक नाही, पण यादवी म्हटल्यावर जो "आपलेच आपल्यावर" हा चटका बसतो तो गृहयुद्धात नाही, माझं मत विचाराल तर यादवीच लिहा.

महाभारतावरून आठवलं, जुन्या मराठी पुस्तकांत "भारतीय युद्ध" दिसलं तर लगेच १९६५ किंवा १९७१ डोक्यात आणू नका. तिथे भारतीय युद्ध म्हणजे कौरव-पांडवांचं, अठरा दिवसांचं आणि अठरा अक्षौहिणींचं. तुम्ही स्वतः मात्र आज असं लिहू नका, लोक गोंधळतील, "भारत-पाकिस्तान युद्ध" असं सरळ लिहा आणि तिकडचं असेल तर "महाभारत युद्ध".

पायरी ५: झुंज, लढा, लढत यांना वेगळं काढा

हे तीन शब्द लढाईच्या इतके जवळ राहतात की घोटाळा होतोच.

झुंज म्हणजे भिडणं, आणि बहुतेक विषम. थोडे विरुद्ध फार, दमलेला विरुद्ध ताज्या दमाचा. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिली ती झुंज. तिथे जिंकण्या-हरण्यापेक्षा किती वेळ टिकून राहिले याला किंमत होती, म्हणून तिथे "लढाई" लिहिलं तरी बरोबर पण "झुंज" लिहिलं की जीव येतो. कोंबड्यांची पण झुंज, बैलांची पण झुंज, ती मात्र "लावतात". आजारी माणूस मृत्यूशी झुंज देतो, युद्ध करत नाही. आणि गंमत म्हणजे झुंज आणि युद्ध हे एकाच मुळातून आलेत, संस्कृत युध् धातू, त्याचं प्राकृतात जुज्झ झालं आणि आपल्याकडे येईपर्यंत झुंज. एक भाऊ पोथीत राहिला, दुसरा रानात वाढला. त्याच धातूचे आयुध, योद्धा, आणि नावं बघा, युधिष्ठिर म्हणजे युद्धात स्थिर राहणारा, अयोध्या म्हणजे जिच्याशी लढता येत नाही ती नगरी.

लढा कशासाठी तरी असतो. हक्कासाठी, न्यायासाठी, राज्यासाठी. संयुक्त महाराष्ट्राचा लढा. त्याला शस्त्र लागतंच असं नाही, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. "पानिपतचा लढा" लिहिलंत तर ऐकणारा विचारेल की मागणी काय होती?

लढत ही मैदानातली आणि निवडणुकीतली. चुरशीची लढत, तिरंगी लढत, अंतिम लढत. रक्त सांडत नाही. म्हणून गंभीर युद्धाच्या वर्णनात "दोन्ही सैन्यांमध्ये रंगतदार लढत झाली" असं लिहिलेलं वाचलं की कॉमेंटरी ऐकल्यासारखं वाटतं, मेलेल्या माणसांचा अपमान होतो तो. "रंगणे" हे क्रियापदच तिथे नको.

सामना, मुकाबला, टक्कर यांना मी फार वेळ देत नाही, टक्कर "देतात", मुकाबला आणि सामना "करतात", झालं.

दंगल मात्र लक्षात ठेवा. हिंदीत दंगल म्हणजे कुस्तीचा फड, आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी कुस्तीची दंगल असते कधी कधी, पण नुसतं दंगल म्हटलं की मराठी माणसाला जाळपोळ आणि संचारबंदी आठवते.

पायरी ६: क्रियापद जुळवा, इथेच खरी मराठी कळते

नवीन माणूस सगळीकडे "झाले" किंवा "केले" लावून मोकळा होतो. चुकत नाही तसं, पण वाक्य सपाट होतं. आणि भाषांतर करून लिहिणारे तर युद्ध "सुरू करतात", "थांबवतात", "जिंकतात" या तिनाच्या पलीकडे जातच नाहीत.

युद्ध पुकारतात, छेडतात, ते पेटतं, भडकतं, त्याला तोंड फुटतं. लढाई जुंपते, तिला तोंड लागतं, ती ऐन भरात येते, हातघाईवर येते. जिंकली तर लढाई "मारली" असंही म्हणतात, आणि त्यावरूनच एखादं साधं काम करून ऐटीत आलेल्याला "मोठी लढाई मारून आलाय जसा" असा टोमणा. रण माजतं. चकमक उडते, झडते. वेढा घालतात, देतात, उठवतात, आणि आतून फोडतात. मोहीम काढतात, आखतात, फत्ते करतात. बंड पुकारतात, ते मोडून काढतात. झुंज देतात. लढा उभारतात. तह करतात, आणि मोडतात पण.

विशेषणं पण ठरलेली. युद्ध तुंबळ किंवा घनघोर, लढाई निकराची, हल्ला जोरदार किंवा निर्णायक, प्रतिकार चिवट. तुंबळ म्हणजे संस्कृत तुमुल, गोंगाटाने भरलेलं, म्हणून दोन मोठ्या सैन्यांनाच शोभतं. तीन जणांच्या मारामारीला तुंबळ म्हणायचं असेल तर चेष्टेत म्हणा, तिथे ते मस्त बसतं. घमासान हिंदी आहे, मला आवडत नाही, पण लोक वापरतात. आणि खोटी खोटी लढाई असेल तर लुटुपुटूची, याला दुसरा शब्दच नाही.

सामानाची नावं तर पाठच करावी लागतात, त्यांना लॉजिक नाही. विमान लढाऊ, नौका मात्र युद्धनौका, आणि गाडा रणगाडा. "युद्धगाडा" कोणी म्हणत नाही, "रणविमान" तर नाहीच. रणनीती आणि युद्धनीती दोन्ही चालतात, पण युद्धपातळीवर काम सुरू आहे असंच म्हणायचं, रणपातळी असं काही नसतं.

पायरी ७: संस्कृत-फारसी भारी शब्द कुठे ठेवायचे

संग्राम, समर, रण हे एकटे फारसे फिरत नाहीत, जोडीने राहतात. स्वातंत्र्यसंग्राम, मुक्तिसंग्राम, समरांगण, समरप्रसंग, रणांगण, रणशिंग, रणकंदन, रणधुमाळी, रणरागिणी. साध्या गद्यात "तिथे समर झाले" म्हटलं की पौराणिक नाटकातली एंट्री झाल्यासारखं होतं. संग्राम या शब्दात ग्राम आहे तो खेड्याचा नाही, वेदकाळी ग्राम म्हणजे माणसांचा जथा, ते एकत्र आले की संग्राम. आणि रण या शब्दाचा अगदी जुना अर्थ आनंद असाही होता, लढण्यातला आनंद बहुतेक त्यांना अपेक्षित असावा. पोरांची नावं पण यांवरून ठेवतात, संग्राम, समरजित, रणजित. लढाई नावाचं कोणी ऐकलंय का?

फारसीतला जंग मराठीत स्वतंत्रपणे जवळजवळ नाहीच. निजामाच्या घराण्यातल्या नावांत आहे, नासिरजंग, सलाबतजंग, आणि आपल्या "जंग जंग पछाडलं" मध्ये अडकून बसलाय. "जंग जिंकली" हे सिनेमातून आलेलं हिंदी. शिवाय हिंदीत लोखंडाला जंग लागतो, आपल्याकडे गंज चढतो, तिथेही भाषांतर करणारे फसतात. शिकस्तचं बघा, फारसीत अर्थ पराभव, आणि आपण प्रयत्नांची शिकस्त करतो म्हणजे अगदी मोडेपर्यंत प्रयत्न.

पायरी ८: शब्द कोणाच्या बाजूने बोलतोय ते ओळखा

इथे सावकाश जा. एकच घटना, १८५७. इंग्रज सरकार म्हणालं शिपायांचं बंड. बंड म्हणजे मालकाविरुद्ध, बेकायदा, मोडून काढण्याजोगं. पुढे आपल्या लोकांनी म्हटलं स्वातंत्र्यसमर. आणि ज्यांना दोन्हीच्या मध्ये उभं राहायचं होतं त्यांनी उठाव. तीन शब्द, आणि शब्द वाचूनच कळतं लिहिणारा कुठे उभा आहे. म्हणून समानार्थी म्हणून हे तीन आलटून पालटून एकाच लेखात वापरले तर लिहिणारा तीन ठिकाणी उभा दिसतो.

दुसरं, हैदराबाद. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. रणगाडे होते, लढाऊ विमानं होती, पण नाव काय, पोलीस ॲक्शन. म्हातारी माणसं मराठवाड्यात अजून "ॲक्शनच्या आधी", "ॲक्शननंतर" असा काळ मोजतात. आणि त्याच १७ सप्टेंबरला सरकारी कॅलेंडरवर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पोलीस ॲक्शन म्हटलं की परदेशाशी युद्ध नाही, घरातला बंदोबस्त आहे असं सांगता येतं. मुक्तिसंग्राम म्हटलं की तिथली जनता आधीपासून लढत होती हे पुढे येतं. दोन्ही शब्दांमागे काही ना काही खरं आहे.

सरकारं युद्ध हा शब्द टाळतात हे नवीन नाहीच. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनमध्ये फौजा घातल्या आणि नाव ठेवलं विशेष लष्करी कारवाई. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी याच पळवाटेवर उपाय केला, त्यात म्हटलंय की युद्ध जाहीर केलेलं असो किंवा दुसरा कुठलाही सशस्त्र संघर्ष असो, नियम लागू. म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल लिहिताना "सशस्त्र संघर्ष" हाच शब्द ठेवा, तिथे त्याला ठराविक अर्थ आहे. बाकी ठिकाणी "संघर्ष" म्हणजे शब्द न सापडल्याची कबुली, पिता-पुत्रातला पण संघर्ष आणि दोन देशांतला पण संघर्ष, कळायचं काय त्यातून.

पायरी ९: संपलं कसं, ते सांगताना घसरू नका

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका हिंदी लेखाचं भाषांतर करत होतो, १९७१ बद्दलचा. त्यात ९३ हजार "युद्धबंदी" असं होतं, मी म्हटलं शब्द तर सेम आहे, तसाच ठेवला. छापून आल्यावर एका वाचकाने पत्र लिहिलं की साहेब, त्रयाण्णव हजार वेळा युद्ध थांबलं का? हिंदीत युद्धबंदी म्हणजे पकडलेला सैनिक. मराठीत दारूबंदी, नसबंदी तशी युद्धबंदी, म्हणजे लढणं बंद. सैनिक पकडला तर तो युद्धकैदी. तेव्हापासून हिंदीतून काही आणताना सेम दिसणाऱ्या शब्दालाच मी आधी पकडतो.

तर थांबण्याचे शब्द असे. युद्धबंदी किंवा युद्धविराम म्हणजे गोळीबार थांबला, कदाचित थोड्या वेळापुरता. शस्त्रसंधी म्हणजे लढणं थांबवण्याचा रीतसर लेखी करार, पण भांडण तसंच. शरणागती म्हणजे एका बाजूने शस्त्रं खाली ठेवली, १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात झालं तसं. आणि तह म्हणजे मुलूख, पैसा, किल्ले यांचा हिशोब लागला, जसा १६६५ चा पुरंदरचा तह, १७८२ चा सालबाईचा तह. आजच्या देशांत तह म्हणत नाहीत फारसं, करार म्हणतात, १९७२ चा सिमला करार. पण "लढाईत जिंकले आणि तहात हरले" या वाक्यात तहाच्या जागी करार ठेवून बघा, सगळी मजा जाते.

कोरियाबद्दल कधी लिहायची वेळ आली तर हे वरचं परत बघून घ्या, १९५० ला सुरू झालेलं ते युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं ते शस्त्रसंधीवर, त्यानंतर शांततेचा तह झालेलाच नाही, म्हणून "कोरियन युद्ध तहाने संपले" हे वाक्य दोन ठिकाणी चुकतं, "तहाने"मध्ये आणि "संपले"मध्ये.